कुशीचा रकाना

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्ट आणि शवागार यांच्या बरोबर मधे सीटी स्कॅनची खोली होती आणि त्या खोलीत एकतीस वर्षं एकच गृहस्थ ठाण मांडून बसले होते. कागदोपत्री ते तंत्रज्ञ. पण या हुद्द्याने त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. सगळे त्यांना डागशास्त्री म्हणत. तोंडावर शास्त्रीबुवा, आणि पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाव पडलं ते असं. मेंदूत रक्तस्राव झालेला पेशंट आला, की पडद्यावरचे पांढरे डाग बघून शास्त्रीबुवा सांगून मोकळे व्हायचे की रक्तवाहिनी कुठे फुटली आहे. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर तोवर चष्मा पुसत असायचे. शास्त्रीबुवांना कुणी विचारलेलं नसायचं. त्यांच्या कामात हे बसतही नव्हतं. पण गप्प बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

डोक्याचा कारभार थोडक्यात असा. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, त्याला फाटे असतात, आणि एखाद्या फाट्यापाशी एखाद्याच्या नशिबाने भिंत जरा पातळ असते. तिथे वर्षानुवर्षं रक्ताचा मार बसून बारीक फुगा येतो. बहुतेकांचा फुगा मालकाबरोबरच जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. एखाद्याचा मात्र फुटतो. माणूस भांडी घासता घासता डोकं धरून खाली बसतो आणि जन्मात इतकं दुखलं नव्हतं म्हणतो. रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतं आणि सीटीत ते पांढरंशुभ्र दिसतं. फुगा मात्र साध्या स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. दिसतो तो सांडलेला ऐवज, आणि त्यावरून गळती कुठली ते ओळखायचं असतं.

या डागांना शास्त्रीबुवांनी आपली नावं ठेवली होती. मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत रक्त उभं पसरलेलं असलं की तो भांग, म्हणजे फुगा कड्याच्या पुढच्या जोडावर. कानशिलाकडच्या फटीत असलं की कल्ला, डावा किंवा उजवा. खाली मानेच्या दिशेने साठलं की मानगूट. आणि मेंदूच्या देठासमोर नुसता पुसट पट्टा, बाकी सगळं कोरडं, असं असलं की दुधाची मिशी. हा पेशंट भाग्यवान, त्याच्यात बहुधा फुगा सापडतच नाही आणि तो चालत घरी जातो. नव्या डॉक्टरांना ही भाषा पहिल्या दिवशी असभ्य वाटायची आणि महिनाभराने तेच फोनवर सांगायचे, उजवा कल्ला आहे, लवकर या.

शास्त्रीबुवा हे कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. सव्विसाव्या वर्षी ते एक्स-रेच्या फिल्मा धुवायला याच खोलीत लागले, तेव्हा ती अंधारखोली होती. बोटं पिवळी पडली, कपड्यांना औषधाचा वास कायमचा चिकटला, लग्नाची दोन स्थळं त्या वासावरून मोडली. पुढे सीटीचं मशीन आलं आणि त्याबरोबर एक म्हातारे, खडूस डॉक्टर आले. ते स्वतःचा रिपोर्ट पालथा ठेवायचे आणि शास्त्रीबुवांना ओळखायला लावायचे. चुकलं की शिशाचे जड एप्रन एकेक करून पुसायची शिक्षा. पहिली दोन वर्षं त्या खोलीतले एप्रन आरशासारखे चकाकत होते. सातव्या वर्षी त्यांच्यावर धूळ बसायला लागली आणि म्हातारे डॉक्टर समाधानाने रिटायर झाले.

घरी या विद्येची किंमत शून्य. बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिचं म्हणणं सरळ होतं, की या माणसाला समोरच्या टेबलावरचा स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि लोकांच्या डोक्यातली भोकं बरी सापडतात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. दर रविवारी फोन करायची आणि बाबांनी या आठवड्यात कुणाकुणाला दुखावलं याचा हिशेब आईकडून ऐकायची. ऐकण्यासारखं दर आठवड्याला असायचंच.

शास्त्रीबुवांचा खरा राग पेशंटवर नसे, नातेवाइकांवर असे. पेशंट बिचारा ओकतो, बरळतो, पण खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. नातेवाईक मात्र हॉस्पिटलच्या दारात पाय ठेवल्याबरोबर आदर्श होतात. दारू कधी घेतली नव्हती, गोळ्या वेळेवर देत होतो, दुखायला लागलं तसं उचलून आणलं. शास्त्रीबुवा हे सगळं ऐकून घेत आणि त्यातलं निम्मं सोडून देत.

आणि यातूनच त्यांचा रकाना जन्माला आला. अकरा वर्षांपूर्वी बेकरीतला एक भट्टीवाला आला होता. रक्त सगळं डाव्या बाजूला. शास्त्रीबुवांनी खोलीभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, डावा कल्ला, लावा पैज. रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी तासभर डावीकडे फुगा शोधला. फुगा निघाला उजवीकडे. त्या आठवड्यात शास्त्रीबुवा दिसले की लोक आपापले कल्ले चाचपून दाखवायचे. शेवटी उलगडा केला तो वॉर्ड झाडणाऱ्या बाईंनी. त्या म्हणाल्या, अहो, त्याच्या उजव्या मांडीवर गळू आहे, दोन दिवस तो डाव्या कुशीवरच पडून होता. पातळ रक्त उताराकडे जाणार, हे शास्त्रीबुवांना कळायला दोन क्षण लागले आणि पचायला दोन महिने.

तेव्हापासून त्यांनी आपल्या नोंदवहीत लाल शाईने एक रकाना आखला. स्कॅनआधी पेशंट किती तास, कोणत्या कुशीवर. नुसता रकाना आखून भागत नाही, त्यात खरं यावं लागतं. त्यासाठी त्यांनी एक रीत बसवली. नातेवाइकाला ते कोपऱ्यातल्या चादरींच्या कपाटाशी न्यायचे, त्याच्याकडे पाठ करायचे, चादरींच्या घड्या घालायला घ्यायचे आणि हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, विचारायचे. घड्या घालणाऱ्या माणसाशी कुणी खोटं बोलत नाही, हा त्यांचा अनुभव होता. एका वकिलाने तर त्यांना न विचारता मृत्युपत्राचंही सांगून टाकलं होतं.

आधी हसले सगळे. मग हळूहळू रिपोर्टवाले डॉक्टर रकाना बघायला लागले, आणि मेंदूच्या सर्जन बाई आल्यावर तर त्या रिपोर्टच्या आधी रकाना मागायच्या. बाई चाळिशीच्या, बोलायला तुटक, हाताला हलक्या. शास्त्रीबुवांना त्या काका म्हणायच्या आणि शास्त्रीबुवा त्यांना मॅडम म्हणताना टेबलावरचे पाय खाली घ्यायचे. हा मान त्यांनी हॉस्पिटलच्या अधीक्षकांनाही कधी दिला नव्हता.

अधीक्षकांना याचं वाईट वाटत असावं, कारण एके दिवशी त्यांनी शास्त्रीबुवांना आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. वरच्या ऑफिसातून तीन पाहुणे येणार होते. सगळ्या सरकारी हॉस्पिटलांसाठी नवा फॉर्म छापायचा होता आणि कुशीचा रकाना त्यात घ्यावा की काय, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. शास्त्रीबुवांनी तोंडाने म्हटलं की अशा पाहुण्यांना मी हिंग लावून विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, अर्धा तास आधी हजर होते. बायकोने सकाळी विचारलं होतं की कुणाची मुलगी बघायला चाललात.

पाहुणे दहाला आले. टाय लावलेले तिघं आणि चौथे अधीक्षक, काचेच्या आत, थेट मशीनच्या खोलीत उभे. आणि त्यांच्या नशिबाने म्हणा किंवा शास्त्रीबुवांच्या, दहा वाजून पाच मिनिटांनी स्ट्रेचर आलं. एकोणसाठ वर्षांची बाई, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली. डोकं प्रचंड दुखतंय, उलट्या, ग्लानी. बरोबर मुलगा आणि सून, दोघांचेही चेहरे उतरलेले.

शास्त्रीबुवांनी बाईचं डोकं टेबलावरच्या खोबणीत नीट बसवलं. तेव्हा त्यांना दिसलं. डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची जाड किनार उमटली होती, फुलं आणि पानं मोजता येतील इतकी खोल, आणि डावा कान चुरगळून लाल झाला होता. उजवा गाल कोरा. एरवी हे दिसल्यावर त्यांचे कान टवकारले असते. पण मागे चार जण उभे होते आणि खोलीत जरा जास्तच शांतता होती. तेव्हा शास्त्रीबुवा मोठ्याने म्हणाले, "वा, गालावर नक्षी फार सुरेख उमटलीय हो बाई." पाहुणे हसले. बाईच्या पापण्या हलल्या.

मग त्यांनी वही उघडली, लाल रकान्यावर पेन टेकवलं आणि भर खोलीत, नाटकात असतो तसल्या आवाजात मुलाला विचारलं, पेशंट स्कॅनआधी किती तास, कोणत्या कुशीवर. ना कपाट, ना चादर, ना पाठ. मुलाने तिन्ही टाय बघितले. मग बायकोकडे बघितलं.

"उताणी," तो म्हणाला. "शांत झोपली होती. आम्ही रात्रभर जवळच होतो."

जवळ होतात का, हे कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं उत्तर आलं की शास्त्रीबुवा एरवी पेन खाली ठेवत. आज त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं, उताणी, रात्रभर, आणि वही पाहुण्यांकडे वळवून दाखवली.

साध्या स्कॅनमध्ये रक्त दोन्ही बाजूंना होतं, पण डाव्या कल्ल्यात दुप्पट. लगेच डाय घालून रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला. त्यात एक नाही, दोन फुगे निघाले, दोन्ही कानशिलांकडे, आरशात बघावेत तसे समोरासमोर. डावा वाटाण्याएवढा, उजवा मिऱ्याएवढा. आता प्रश्न एवढाच होता की फुटला कुठला. दोन बाजूंसाठी कवटी दोनदा उघडावी लागते. जो फुटलाय त्याला आज चिमटा लावायचा, दुसऱ्याचं काही महिन्यांनी बघायचं. चुकीच्या बाजूने गेलं तर फुटलेला फुगा तसाच राहतो, रक्ताच्या खपलीवर तग धरून, आणि पहिल्या दिवसांत तो पुन्हा फुटायची भीती सगळ्यात जास्त असते. पुन्हा फुटला की माणूस बहुधा हाती लागत नाही.

सर्जन बाईंनी रिपोर्टवाल्या डॉक्टरांबरोबर स्कॅन बघितला, वही मागवून रकाना बघितला आणि ठरवलं. मोठा फुगा डावीकडे, जास्त रक्त डावीकडे, बाई उताणी होती. म्हणजे डावा. दोन वाजता थिएटर. पाहुणे खूश होऊन गेले. अधीक्षकांनी शास्त्रीबुवांच्या पाठीवर थाप मारली आणि मग तो हात कुठे ठेवावा हे न सुचून खिशात घातला.

एक वाजता शास्त्रीबुवांनी पडद्यासमोरच डबा उघडला. तिथे जेवायची बंदी होती, पाटी त्यांनीच लावलेली होती. जेवताना ते सकाळचे स्कॅन परत बघायचे, लोक पेपर बघतात तसे. डावा कल्ला रुंद होता, पण फिका, फडक्याने पसरल्यासारखा. आणि उजवीकडे, त्या मिऱ्याच्या अगदी शेजारी, एक लहानशी गाठ होती. लहान, पण खडूसारखी पांढरी. पातळ रक्त वाहून जातं. घट्ट गाठ जिथे फुटलं तिथेच बसते. उताणी झोपलेल्या बाईचं पातळ रक्त इतकं डावीकडे कशाला जाईल, असं मनात आलं आणि त्याच क्षणी त्यांना फुलं आणि पानं दिसली.

घास तोंडातच राहिला. त्यांना काही शोधायचं नव्हतं, काही ओळखायचं नव्हतं. गाल त्यांनी सकाळीच बघितला होता. त्यावर विनोद केला होता, हशा घेतला होता आणि मग उताणी असं लिहिलं होतं.

कपाटातून एक चादर ओढून ते बाहेर गेले. मुलगा आणि सून जिन्याखालच्या बाकावर बसले होते. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि चादरीची घडी घालायला लागले. कोपऱ्याला कोपरा लागेना. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की आईला दोन फुगे आहेत, डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात एका बाजूने कवटी उघडणार आहेत, आणि ती कुठली बाजू हे सकाळच्या एका शब्दावर ठरलं आहे.

"भिंतीकडे तोंड करून होती," मुलगा म्हणाला. "काल दुपारपासून. मी तिचं कपाट न विचारता बाल्कनीत हलवलं, त्यावरून भांडण झालं. डोकं दुखतंय म्हणाली. ती नेहमीच म्हणते हो. आम्हाला वाटलं, रुसली."

सून म्हणाली की ताट तिने स्वतः उशाशी ठेवलं होतं, सकाळी ते जसंच्या तसं होतं. शास्त्रीबुवांनी फक्त विचारलं, भिंत कुठल्या हाताला. डाव्या, ती म्हणाली.

लिफ्टची वाट न बघता शास्त्रीबुवा तीन जिने चढले. सत्तावन्न वर्षांचं वय, गुडघे कुरकुरत होते, पण डोक्यात कुरकुर वेगळीच चालली होती. सांगायच्या गोष्टी दोन होत्या. मुलगा खोटं बोलला, ही एक. आणि मी गाल पाहिला होता, ही दुसरी. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते दोन्ही सांगणार होते. तिसऱ्यापर्यंत पोचताना एक गळून पडली.

सर्जन बाई कोपरापर्यंत हात धूत होत्या. शास्त्रीबुवांनी धापा टाकत सांगितलं, डावी कूस, वीस-एकवीस तास, नातेवाईक खोटं बोलले. बाईंनी नळ बंद केला, ओले हात वर धरून त्या पडद्यापाशी आल्या आणि रिपोर्टवाल्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. दोघांनी ती पांढरी गाठ पुन्हा बघितली. मिऱ्याला एका बाजूने चोच फुटल्यासारखा टोकदार उंचवटा होता, तोही मोठा करून बघितला.

"ही गाठ मला सकाळीच खटकली होती," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या रकान्यात उताणी होतं, काका. म्हणून सोडली."

बाईंनी विचारलं की मुलाचा संशय कसा आला. सहज पुन्हा विचारलं, असं शास्त्रीबुवा म्हणाले. आणि लगेच त्यांना स्वतःची शिसारी आली.

कवटी उजवीकडून उघडली. फुटलेला फुगा तोच होता, मिऱ्याएवढा, खपलीखाली दबा धरून बसलेला. संध्याकाळी पाचला निरोप आला तेव्हा तळमजल्यावर टाळ्या पडल्या. अधीक्षकांनी शाबासकीचं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की नातेवाइकांनी चुकीची माहिती देऊनही तंत्रज्ञाने दक्षता दाखवली. रकाना नव्या फॉर्मात छापायचं नक्की झालं. रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी चहा पाजला, जो त्यांनी इतक्या वर्षांत कुणाला पाजला नव्हता. शास्त्रीबुवा तो प्यायले आणि घरी जाऊन त्यांनी काहीच सांगितलं नाही. असा पराक्रम एरवी बायकोला तीनदा ऐकावा लागे. तिने कपाळाला हात लावून बघितला. ते म्हणाले, पित्त झालंय.

पुढचे दहा-अकरा दिवस त्यांना चैन नव्हतं. वॉर्डात जायला कारण नसताना ते जाऊन यायचे, बाई डोळे मिटून असायची, ते दारातूनच परत फिरायचे. मुलगा रोज बाकावर बसलेला असायचा. हॉस्पिटलभर आता तो खोटं बोललेला मुलगा म्हणून ओळखला जात होता. पेशंटने पाणी प्यायलं असं तो म्हणाला, तरी नर्सा दोनदा विचारून खात्री करायच्या. शास्त्रीबुवांना ते बघवत नव्हतं आणि थांबवायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं.

अकराव्या दिवशी मुलगा खाली आला. म्हणाला, आई शुद्धीवर आहे, थोडंथोडं बोलते, उद्या पुन्हा स्कॅन आहे. त्याला एकच विचारायचं होतं. त्या दिवसाचं तिला आठवेल का.

शास्त्रीबुवांना त्याची दया आली, पण तोंड ते तोंडच. "आठवलं तर तिचा मेंदू शाबूत," ते म्हणाले. "नाही आठवलं तर तुमची अब्रू शाबूत. काय हवं ते देवाकडे मागा."

मुलगा खाली बघत म्हणाला, "आठवू दे."

तो जिना चढून गेला आणि शास्त्रीबुवा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. या पोराने मागितलं ते मागायची आपली छाती नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाईला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. डोक्याला पट्टी, डावा हात मांडीवर जड पडलेला, पण नजर लख्ख. खुर्ची मुलगा ढकलत होता. सर्जन बाई मुद्दाम बरोबर आल्या होत्या. स्कॅन चांगला आला. बाईंनी तिथेच खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि विचारलं की त्या दिवसाचं काय आठवतं, सावकाश सांगा.

टेलिफोन ऑपरेटरने सावकाश सांगितलं, पण वेळेसकट. बारा वाजून दहा मिनिटांनी कपाट हललं. सव्वाबाराला डोक्यात काहीतरी तुटलं. डोकं दुखतंय असं तिने दोनदा सांगितलं. त्यावर झालं हिचं सुरू, असं कुणी म्हटलं ते ती सांगणार नाही. मग ती भिंतीकडे वळली. चारला चहा कुणी विचारला नाही. साडेआठला ताट ठेवल्याचा आवाज आला, हाक आली नाही. वळावंसं वाटलं, पण म्हटलं, आधी हाक येऊ दे. नंतर वळायचं म्हटलं तर वळता येईना.

मुलगा खुर्चीमागे उभा राहून रडत होता. डोळे पुसत पुसत तो म्हणत होता, "अजून सांग, आई. अजून."

"मग इथे आणलं," ती म्हणाली आणि तिने मान वळवली. "हे होते. माझ्या गालावर नक्षी सुरेख उमटली आहे म्हणाले. सगळे हसले."

सर्जन बाईंनी शास्त्रीबुवांकडे बघितलं. त्यांनी कुठला गाल असं विचारलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

"डावा," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी पाहिला होता, मॅडम. स्कॅनच्या आधीच. पाहुण्यांसमोर मिरवत होतो. यांचा एकट्याचा दोष नाही."

मुलाने वर बघितलं. टेबलावर वही होती.

"लिहिलंय का ते?" खुर्चीतल्या बाईने विचारलं.

"नाही."

"मग लिहा."

शास्त्रीबुवांनी बारा दिवसांची पानं उलटली, ती ओळ काढली आणि झोकदार अक्षरातलं उताणी खोडलं. रकाना लहान होता, म्हणून समासात लिहावं लागलं. बाई उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून बघत होती. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखवा. आम्ही एक्स्चेंजमध्ये नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचो."

शास्त्रीबुवा उभे राहिले आणि त्यांनी वही डोळ्यांसमोर धरली.

"डावी कूस," त्यांनी वाचलं. "दुपारी सव्वाबारापासून सकाळपर्यंत. मुलगा चुकीचं बोलला, कारण मी त्याला चारचौघांत विचारलं. गाल मी पाहिला होता."

"बरोबर," ती म्हणाली.